समुद्रात पेरलेले लोखंड

२००९ सालच्या जानेवारी महिन्यात, सात तारखेस, आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाजवळील केप टाउन बंदरातून 'पोलारस्टेर्न' नावाचे एक जर्मन जहाज दक्षिण महासागराकडे निघाले. 'पोलारस्टेर्न' म्हणजे ध्रुवतारा. बर्फ फोडीत जाण्यासाठी बांधलेल्या ह्या जहाजावर त्या खेपेस एक चमत्कारिक माल भरलेला होता. तो माल म्हणजे हिराकस. पूर्वी काळी शाई तयार करताना हिराकस घालीत, हे जुन्या माणसांच्या बोलण्यातून अनेकांनी ऐकले असेल. आज उसाची पाने पिवळी पडू लागली म्हणजे शेतकरी हीच वस्तू 'फेरस सल्फेट' ह्या नावाने दुकानातून आणतो आणि पाण्यात कालवून फवारतो. लोखंड आणि गंधकाचे आम्ल ह्यांपासून झालेले ते एक हिरवट मीठ आहे. जहाजावरील शास्त्रज्ञांची योजना अशी होती की, सुमारे ३०० चौरस किलोमीटर समुद्रावर २० टन हिराकस पाण्यात विरघळवून सोडावयाचा, आणि मग पुढे काय घडते ते आठवडेच्या आठवडे त्याच जागी राहून पाहावयाचे.

ह्या प्रयोगाचे नाव 'लोहाफेक्स'. त्यातील 'लोहा' हा शब्द आपलाच आहे आणि तो तेथे योगायोगाने आलेला नाही. प्रयोगाचा अर्धा भार गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने उचललेला होता, व उरलेला अर्धा जर्मनीतील ब्रेमरहाफेन येथील आल्फ्रेड वेगेनर संस्थेने. पणजीहून दोना पावलाकडे जाताना १९६६ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेच्या इमारती आपल्यापैकी पुष्कळांनी बाहेरून पाहिलेल्या असतील; आत काय चालते ह्याची मात्र फारशी कोणी चौकशी करीत नाही. मोहिमेचे दोन प्रमुख होते. गोव्याकडून डॉ. वजीह नक्वी, जे पुढे त्या संस्थेचे संचालक झाले, आणि जर्मनीकडून डॉ. व्हिक्टर स्मेटाचेक, ज्यांचे बालपण आपल्याच कुमाऊंच्या डोंगरांत गेले.

समुद्रात लोखंड कशासाठी टाकावयाचे, हे सांगण्यापूर्वी समुद्र हेही एक शेत आहे, ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्याच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती तरंगत असतात. त्यांस वनस्पती-प्लवक म्हणतात. जमिनीवरील गवताप्रमाणेच त्यांना सूर्यप्रकाश लागतो, खत लागते आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कर्बवायू, लागतो. लहान मासे व कोळंबी ह्यांचे अन्नसत्र ह्या हिरवळीवरच चालते. ह्या वनस्पती मरून खोल तळाकडे गेल्या म्हणजे त्यांच्याबरोबर त्यांनी शोषून घेतलेला कर्बही तळाशी जातो व शेकडो वर्षे वर येत नाही.

आता अडचण अशी की, अंटार्क्टिकाच्या भोवतालच्या महासागरात इतर खते भरपूर असूनही ही हिरवळ विरळ असते. असे का व्हावे, हे कोडे पुष्कळ वर्षे सुटत नव्हते. कॅलिफोर्नियातील जॉन मार्टिन नावाच्या समुद्रशास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या दशकात त्याचे उत्तर दिले. तेथे उणीव आहे ती लोहाची. वाळवंटांपासून दूर असलेल्या त्या समुद्रावर लोहयुक्त धूळ फारशी उडून येत नाही, आणि चिमूटभर लोहावाचून बाकीचे सर्व खत वाया जाते. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात, त्यातलाच हा प्रकार. १९८८ साली एका सभेत मार्टिन अर्धवट विनोदाने म्हणाला की, मला अर्धे जहाजभर लोखंड द्या, मी तुम्हांला हिमयुग आणून देतो. १९९३ साली, आपल्या कल्पनेची समुद्रावरील पहिली परीक्षा पाहण्यापूर्वीच, तो निवर्तला. पण त्याचा विनोद मात्र मागे राहिला, आणि काही लोकांनी तो खरा मानून हिशेब मांडावयास सुरुवात केली.

हा हिशेब कशाचा? कारखाने येण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेलेले आहेत. दगडी कोळसा, पेट्रोल व डिझेल जाळून माणसाने ही भर घातली, आणि त्या पांघरुणाखाली पृथ्वी तापत चालली आहे. कोळसा जाळणे कमी करावे हा सरळ उपाय. परंतु तो महाग, अप्रिय व गैरसोयीचा. म्हणून दुसऱ्या वाटा शोधणे सुरू झाले. माणसाने मुद्दाम, योजनापूर्वक, सबंध पृथ्वीच्या हवामानात हात घालून ते थंड करावे, अशा सर्व उपायांना मिळून 'जिओ-इंजिनिअरिंग' असे नाव आहे. मराठीत त्यास हवामान-अभियांत्रिकी म्हणता येईल. समुद्रात लोखंड पेरणे हा त्यांपैकी एक उपाय झाला. दुष्काळी भागांत विमानाने मिठाची भुकटी टाकून ढगांतून पाऊस पाडण्याचे प्रयत्न होतात (कर्नाटक सरकारने २०१७ साली 'वर्षधारी' ह्या नावाने तसा केला होता), त्यांच्याशी ह्याची गल्लत होऊ नये. तो एका तालुक्याचा व एका दिवसाचा खटाटोप असतो. येथे प्रश्न सर्व पृथ्वीचा व पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

'पोलारस्टेर्न' बंदरातून निघाले आणि इकडे वादळ उठले. जर्मनीतील बॉन शहरी मे २००८ मध्ये जैविक विविधतेच्या करारातील राष्ट्रांची परिषद भरली होती. समुद्रात असे खत घालण्याचे उद्योग, किनाऱ्याजवळचे लहान शास्त्रीय अभ्यास वगळता, पुरेसे ज्ञान व नियंत्रणाची व्यवस्था होईपर्यंत कोणी करू नयेत, असे तिने सर्व देशांना सांगितले होते. त्या परिषदेला वर्षही झाले नव्हते, आणि यजमान जर्मनीचेच जहाज हिराकस घेऊन निघाले होते! पर्यावरणवादी संस्थांनी आक्षेप घेतला, जर्मनीच्या पर्यावरण मंत्र्यांनी आपल्याच सरकारातील संशोधन मंत्र्यांकडे तक्रार केली, आणि मोहिमेस थांबण्याचा आदेश गेला. जहाज समुद्रावर, लोखंड पोत्यांत, आणि पन्नासाच्या आसपास शास्त्रज्ञ हातांची घडी घालून बसलेले, असे ते दृश्य असावे. तज्ज्ञांकडून पुन्हा तपासणी करविण्यात आली. परिणाम लहान क्षेत्रापुरता राहील व समुद्रास इजा होणार नाही, असा निर्वाळा मिळाल्यावर २६ जानेवारीस परवानगी आली.

माझ्या मते थांबविणारेही बरोबर होते आणि परवानगी देणारेही. तीनशे चौरस किलोमीटर हा आपल्याला मोठा वाटणारा आकडा दक्षिण महासागराच्या विस्तारात घागरीतील थेंबाएवढाही नाही. तथापि तो थेंब टाकण्यापूर्वी कोणी तरी अडवून 'कोणाला विचारून?' असे विचारले, आणि सरकारला उत्तर द्यावे लागले, ह्याचे मोल मला मोठे वाटते.

लोखंड सोडल्यावर जे घडले ते कोणाच्याही अपेक्षेप्रमाणे घडले नाही. पहिल्या दोन आठवड्यांत सारे उत्तम चालले. हिरवळ वाढली, दुप्पट झाली. आणि मग वाढ थांबली. शास्त्रज्ञांनी जाळ्या टाकून पाहिले तेव्हा कारण हाती आले. त्या हिरवळीवर कणीएवढे कवचधारी जीव तुटून पडले होते व ती चरून फस्त करीत होते. त्यांच्या मागोमाग कोळंबीच्या दूरच्या नात्यातले, थोडे मोठे जीव आले व त्यांनी ह्या चरणाऱ्यांवर ताव मारला. पुढे त्यांना खाणारे माकूळ व देवमासे आहेतच. म्हणजे शास्त्रज्ञांनी शेत पेरले आणि गुरांनी ते खाल्ले! तळाशी कर्ब जावयाचा तो अगदी थोडा गेला. बाकीचा खाणाऱ्यांच्या श्वासावाटे पुन्हा पाण्यात व हवेत परतला.

पूर्वीच्या काही प्रयोगांत असे झाले नव्हते. २००४ साली ह्याच जहाजावरून झालेल्या प्रयोगात अर्ध्याहून अधिक हिरवळ हजार मीटरांच्या खाली गेली असे आढळले होते. मग ह्या वेळी काय बदलले? दोन्ही ठिकाणच्या हिरवळीची जात वेगळी होती. पूर्वी वाढल्या होत्या त्या 'डायटम' नावाच्या वनस्पती. त्या आपल्याभोवती काचेसारखे घर बांधतात. त्या कवचामुळे त्यांना चरणे अवघड जाते, आणि मेल्यावर त्या जड होऊन बुडतात. परंतु हे घर बांधावयास पाण्यात वाळूचा अंश, म्हणजे सिलिका, विरघळलेला असावा लागतो. २००९ साली निवडलेल्या पाण्यातली सिलिका आधीच संपलेली होती. लोखंड मिळाले, पण घर बांधावयास सामान नव्हते. म्हणून बिनकवचाच्या मऊ जाती वाढल्या व त्या खाल्ल्या गेल्या. एका खताची उणीव भरून काढली की दुसऱ्या खताची उणीव पुढे येते, हे जमीन कसणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

शास्त्रज्ञ एकोणचाळीस दिवस त्या जागेवर पहारा देत राहिले. मार्च २००९ मध्ये जहाज चिलीच्या किनाऱ्याला लागले तेव्हा दोन्ही संस्थांनी निष्कर्ष जाहीर केला. अशा पाण्यात लोखंड पेरून हवेतील कर्बवायू लक्षणीय प्रमाणात कमी होणार नाही, असा तो होता. एवढा खर्च, एवढा वाद, आणि निष्पन्न काय, तर 'ह्याने काम होत नाही'. अशा उत्तराला वर्तमानपत्रे मोठा मथळा देत नाहीत. पण हे उत्तर लपविले गेले नाही, रंगविले गेले नाही, ह्याबद्दल दोना पावलाच्या लोकांविषयी मला आदर वाटतो.

उलट उदाहरण लगेच तीन वर्षांनी घडले. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे हायडा ग्वाई नावाची बेटे आहेत. तेथील हायडा हे मूळ रहिवासी शतकानुशतके सामन माशावर जगत आलेले. ओल्ड मॅसेट नावाच्या त्यांच्या गावी सामन कमी येऊ लागले आणि गाव चिंतेत पडले. अशा वेळी बाहेरून एक उद्योजक आला. त्याने सांगितले की समुद्रात लोखंड टाका. हिरवळ वाढेल, हिरवळीने मासे वाढतील, शिवाय शोषलेल्या कर्बाचे प्रमाणपत्र बाजारात विकून कर्ज फिटेल. गावाने मतदान केले व सुमारे पंचवीस लाख डॉलरांचे कर्ज काढले. जुलै २०१२ मध्ये भाड्याच्या नावेतून १०० टनांच्या आसपास लोहमिश्रित भुकटी समुद्रात सोडण्यात आली. 'पोलारस्टेर्न'वरील साठ्याच्या हे कितीतरी पट झाले. ऑक्टोबरात ही गोष्ट जगाला कळली तेव्हा गदारोळ झाला. हायडा राष्ट्राच्या मध्यवर्ती परिषदेने हात झटकले, आणि कॅनडाच्या सरकारने चौकशी लावली.

पुढल्या वर्षी, २०१३ साली, अलास्काच्या पाण्यात गुलाबी सामन विक्रमी संख्येने सापडला. लोखंडाचे समर्थक म्हणाले, पाहा! परंतु सामनची संख्या मुळातच वर्षागणिक कमीजास्त होते. ती वाढ लोखंडाने झाली की आपोआप, हे सिद्ध करता येईल अशी तयारी कोणी आधी केलेलीच नव्हती. कर्बाचे प्रमाणपत्र कोणी विकत घेतले नाही. मासेमारी करणाऱ्या त्या गावाला मी दोष देऊ इच्छीत नाही. मासा आटला म्हणजे कोळ्याच्या घरात काय होते हे ज्याने पाहिले आहे, तो त्यांच्या मतदानाला हसणार नाही. गरजू माणसाच्या दारी येऊन औषध, व्याज आणि नफा अशी तिन्ही आश्वासने एकदम देणारा मनुष्य आपल्या गावांनाही अपरिचित नाही.

आतापर्यंत पाण्याविषयी लिहिले. परंतु ज्या उपायाविषयी आज अधिक गंभीरपणे बोलले जाते तो आकाशातला आहे, आणि त्याचा आपल्या पावसाशी थेट संबंध आहे.

१५ जून १९९१ रोजी फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्यातून दीड ते दोन कोटी टन गंधकाचा वायू वर उडाला व ढगांच्याही पलीकडे, स्थितांबर नावाच्या थरात जाऊन पोहोचला. तेथे पाऊस नसतो. म्हणून खाली काही दिवसांत धुऊन जाणारी वस्तू तेथे वर्ष-दोन वर्षे टिकते. गंधकाम्लाच्या सूक्ष्म थेंबांचा एक विरळ पडदा सर्व पृथ्वीवर पसरला, त्याने थोडे ऊन परत फिरविले, आणि १९९२ साली पृथ्वी सरासरीने सुमारे अर्धा अंश सेल्सियस थंड झाली. निसर्गाने एवढे करून दाखविल्यावर माणसाच्या मनात ते येणारच. विमानांतून दरवर्षी असाच गंधक वर नेऊन सोडला तर? खर्चही, अशा गोष्टींच्या मानाने, थोडा. वर्षाला काही अब्ज डॉलर. एखाद्या बऱ्यापैकी श्रीमंत देशाला एकट्याने परवडेल इतका.

ही कल्पना वेड्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. रशियन हवामानशास्त्रज्ञ बुडिको ह्याने १९७४ च्या सुमारास ती मांडली होती. २००६ साली ती विद्वानांच्या चर्चेत आणली पॉल क्रुट्झेन ह्यांनी. ओझोन थराच्या संशोधनाबद्दल १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळालेले हे डच शास्त्रज्ञ पोपमहोदयांच्या विज्ञान अकादमीचेही सभासद होते. त्यांनी उत्साहाने नव्हे, तर हताशपणे लिहिले. कर्बवायू कमी करणे हाच खरा उपाय. पण जगातील सरकारे तो करतील ही आशा त्यांना भाबडी सदिच्छा वाटू लागली होती. उपदेश करणे हाच ज्याचा व्यवसाय आहे, त्या माझ्यासारख्याला ही निराशा समजू शकते. त्याच्याही बऱ्याच आधी, १९६५ साली, अमेरिकेच्या अध्यक्षांना त्यांच्या शास्त्रज्ञांनी कर्बवायूच्या धोक्याचा इशारा दिला होता. त्या अहवालात समुद्रावर चमकदार कण पसरून ऊन परतविण्याची सूचना आढळते. कोळसा व तेल कमी जाळा, ही मात्र आढळत नाही.

आता पावसाकडे येऊ. मोसमी पाऊस का येतो? उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते, तिच्यावरील हवा वर जाते, आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे धावतात. पाण्याची वाफही ऊनच करते. म्हणून वरून पडदा ओढून ऊन कमी केले तर पृथ्वी थंड होईल हे खरे. पण वाफ कमी होईल आणि जमीन व समुद्र ह्यांच्या तापमानातला फरकही कमी होईल. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. गोविंदस्वामी बाला हे ह्या विषयाचे जगन्मान्य अभ्यासक आहेत. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली गणिताने दाखविले की, ऊन कमी करून तापमान पूर्वीइतके आणले तरी पाऊस पूर्वीइतका होत नाही, तो घटतो. त्याच वर्षी अमेरिकेतील दुसऱ्या एका अभ्यासात आशिया व आफ्रिका येथील मोसमी पाऊस कमी होईल असे दिसून आले. पिनाटुबोनंतरच्या वर्षात जगातील जमिनीवरचा पाऊस बराच घटल्याची नोंद आहे. त्या सुमारास प्रशांत महासागरात एल निनोही होता हे खरे, पण सर्व घट त्याच्या माथी मारता येत नाही.

आणखी एक निरीक्षण अधिक अस्वस्थ करणारे आहे. २०१३ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखविले की, आफ्रिकेतील साहेल प्रदेशात विसाव्या शतकात जे सर्वांत कोरडे चार पावसाळे गेले, त्यांपैकी तिहींच्या आधी उत्तर गोलार्धात मोठा ज्वालामुखी फुटलेला होता. पडदा एकाच गोलार्धावर दाट झाला तर पावसाचा पट्टा दुसरीकडे सरकतो. म्हणजे एखाद्या उत्तरेकडील राष्ट्राने आपल्या डोक्यावर सावली धरली, तर तिचे मोल हजारो कोस दूर असलेल्या बाजरीच्या शेताला द्यावे लागण्याचा संभव आहे. पडदा दोन्ही गोलार्धांवर बेताने पसरला तर हानी पुष्कळ टळेल, असे सांगणारे अभ्यासही झालेले आहेत; ते दृष्टिआड करणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु तो बेत शंभर वर्षे, युद्धे व सत्तांतरे ह्यांतून, न चुकता सांभाळावयाचा आहे. मधेच बंद पडला तर? गंधक वर्ष-दोन वर्षांत खाली येतो, कर्बवायू मात्र शतकानुशतके राहतो. अडवून ठेवलेली सर्व उष्णता मग काही थोड्या वर्षांत एकदम अंगावर येईल. शिवाय पडद्याने कर्बवायू कमी होत नसल्याने समुद्राचे पाणी अम्ल होत जाणे थांबत नाही. तिसऱ्या, शिनाणे, कालवे ह्यांची कवचे त्या अम्लाने दुर्बळ होतात, वर सावली असो वा नसो.

येथे मला दक्षिण महासागरातील त्या तीनशे चौरस किलोमीटरांची आठवण करून द्यावीशी वाटते. तेथे लोखंड सोडलेल्या पाण्याशेजारी लोखंड न सोडलेले पाणी होते. दोन्हींची तुलना करता आली, म्हणून सत्य कळले. शेतकरीदेखील नवे बियाणे आणले म्हणजे ते एका पट्ट्यात पेरतो व शेजारचा पट्टा जुन्या बियाण्याचा ठेवतो. आकाशाला शेजारचा पट्टा नाही. पडद्याचा खरा परिणाम नैसर्गिक चढउतारांतून वेगळा ओळखावयाचा तर तो पूर्ण आकाराने, वर्षानुवर्षे चालवावा लागेल. म्हणजे प्रयोग आणि कृती ह्यांत भेदच उरत नाही.

नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हांला एका कृत्याच्या दोन परिणामांचा विचार शिकविला जाई. हेतू चांगला आहे, कृत्य स्वतः वाईट नाही, पण त्यातून अनिष्टही घडणार हे आधी दिसते आहे, अशा वेळी काय करावे? चांगले फळ त्या अनिष्टाच्या द्वारे मिळविलेले नसावे, आणि अनिष्टाच्या मानाने ते पुरेसे मोठे असावे, अशा अटी तेथे आहेत. शल्यचिकित्सकाला त्या उपयोगी पडतात. परंतु शल्यचिकित्सक रोग्याला विचारतो, आणि शस्त्रक्रिया बिघडली तर कोणी बिघडविली हे समजते. पडदा ओढल्यानंतरच्या एखाद्या वर्षी बेळगावकडे किंवा मराठवाड्यात पाऊस आला नाही, तर तो पडद्याने हिरावला की नेहमीचेच अवर्षण होते, हे त्या शेतकऱ्याला कोणत्या न्यायालयात सिद्ध करता येईल? आपल्या देशाला वर्षभराच्या पावसापैकी सुमारे तीनचतुर्थांश जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत मिळतो आणि पेरणीखालची जवळजवळ निम्मी जमीन त्याच्यावर विसंबून आहे. अपराध कोणाचा हे ठरविता येत नाही अशी रचनाच मुद्दाम उभारावयाची, ही गोष्ट मला मूळ हानीइतकीच गंभीर वाटते.

म्हणून अभ्यासच बंद करावा काय? मला तसे वाटत नाही. उष्णता अशीच वाढत राहिली तर तिचा पहिला घाव उन्हात राबणाऱ्या मजुरावर व किनाऱ्यावरच्या झोपडीवरच पडणार आहे. त्यांच्या वतीने कोणी सावलीची मागणी केली तर तिला केवळ अहंकार म्हणून झिडकारता येणार नाही. आणि एखाद्या बलवान देशाने उद्या एकट्याने हे काम आरंभिले, तर त्याचे परिणाम मोजू शकणारी माणसे बेंगळुरूस व दोना पावलास असलेली बरी. मला भीती वाटते ती वेगळी. स्वस्त औषध फडताळात आहे एवढे कळले की पथ्य सुटते. कोळसा जाळणाऱ्यांना हे औषध फार आवडेल.

कायद्याची स्थिती आज विरळच आहे. हवामानाचा शस्त्र म्हणून वापर करण्यास १९७८ पासून अमलात असलेल्या एका आंतरराष्ट्रीय कराराने मनाई आहे; व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने शत्रूच्या रस्त्यांवर चिखल व्हावा म्हणून ढगांतून पाऊस पाडण्याचा उद्योग केला, त्याची ही पुढची कथा. परंतु शत्रुत्वाने नव्हे, उपकारबुद्धीने केलेल्या हस्तक्षेपाला तो लागू होत नाही. जैविक विविधतेच्या करारातील राष्ट्रांनी २०१० साली जपानमधील नागोया येथे अशा सर्व उपायांविषयी सबुरीचा ठराव केला. तो बंधनकारक नाही. २०२२ साली एका लहान अमेरिकन कंपनीने कोणासही न विचारता मेक्सिकोत गंधकाचे फुगे सोडले, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिकोने आपल्या भूमीवर असे प्रयोग करण्यास बंदी घालण्याची घोषणा केली. नैरोबी येथे २०२४ च्या आरंभी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेपुढे केवळ तज्ज्ञांचा एक गट नेमण्याचा प्रस्ताव स्वित्झर्लंडने आणला होता. तेवढ्यावरही एकमत न झाल्यामुळे तो मागे घ्यावा लागला.

एका प्रकरणात मात्र निकाल लागला. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना स्थितांबरात थोडी भुकटी सोडून तिचे वर्तन तपासावयाचे होते. त्यासाठी स्वीडनच्या अगदी उत्तरेस, किरुना येथून एक फुगा सोडून आधी नुसती उपकरणे तपासण्याचा बेत होता. त्या खेपेस भुकटी सोडावयाची नव्हतीच. तो प्रदेश रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांचा. त्यांच्या परिषदेने २०२१ च्या फेब्रुवारीत पत्र लिहून विचारले की, आमच्या भूमीवरून हे करताना आम्हांला कोणी का विचारले नाही? विद्यापीठाने नेमलेल्या सल्लागार समितीने ते पत्र वाचून उड्डाण थांबविण्याची शिफारस केली. फुगा वर गेला नाही, आणि मार्च २०२४ मध्ये विद्यापीठाने तो सर्व प्रकल्पच बंद केला.